मास्तरच व्हायचं होतं, तर एम.एस्सी. कशाला?

«ताई, नमस्कार. मी २७ वर्षांची. गाव गुहागर तालुक्यात, खाडीकाठी. सेंद्रिय रसायनशास्त्रात एम.एस्सी. केली आणि आता तीन वर्षं लोटे एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत क्यूसीला, म्हणजे गुणवत्ता तपासणीत आहे. चिपळूणला खोली घेऊन राहते. पगार बरा आहे, माणसंही वाईट नाहीत. पण रोज तेच नमुने, तेच एचपीएलसीचं तपासणी यंत्र, तेच रिपोर्ट. गेल्या मे महिन्यात घरी गेले होते. वाडीतल्या पोरांना भरतीचा हिशेब समजावायला बसले आणि जेवायचं राहून गेलं. तेव्हापासून बी.एड. करून शाळेत शिकवावं असं डोक्यात आहे. बाबा एस.टी.तून निवृत्त झालेत. ते म्हणतात, ‘मास्तरच व्हायचं होतं तर एम.एस्सी. कशाला केलंस?’ आई म्हणते, आधी लग्नाचं बघू. कंपनीतली मैत्रीण म्हणते, ज्यांना दुसरं काही जमत नाही ते शिक्षक होतात. विज्ञान शिकलेली माणसं खरंच शाळेकडे का वळतात? की मी नुसती पळून चालले आहे? मला ‘तू’च म्हणा.»
— चिपळूणहून एक वाचक

मैत्रिणीचं आधी निकालात काढू, ते सोपं आहे. ज्यांना दुसरं काही जमलं नाही असे शिक्षक असतात. तसे लोक बँकेत असतात, कचेरीत असतात आणि तुझ्या कंपनीतही दोन-चार असतीलच. नावं तुला माहीत. हेलन वॉट आणि पॉल रिचर्डसन या ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी शिक्षक व्हायला निघालेल्यांना कारणं विचारणारी एक प्रश्नावली तयार केली. तिचे निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाले. ‘दुसरं काही मिळालं नाही’ हे कारण त्यात तळाला गेलं. वर आलं ते ‘हे मला जमेल’, ‘हे काम आवडतं’ आणि ‘याचा लोकांना उपयोग होतो’.

तीच प्रश्नावली घेऊन कोणी गुहागर ते वेंगुर्ले फिरलं, तर आणखी दोन कारणं वर येतील असं मला वाटतं: पक्की नोकरी आणि गाव. या दोन कारणांना लोक नाक मुरडतात, मी मुरडणार नाही. कोकणात राहून, चाकरमानी न होता, शिकलेलं विज्ञान पोटासाठी वापरायचं तर जागा आहेत किती? लोट्यासारख्या दोन-तीन वसाहती, दापोलीचं कृषी विद्यापीठ, थोडी कॉलेजं, पॅथॉलॉजीच्या लॅब. आणि मग शाळा, त्या मात्र प्रत्येक खाडीच्या दोन्ही काठांना आहेत. तुझ्या क्षेत्रात वर चढायचं म्हणजे पुढेमागे वापी, अंकलेश्वर नाहीतर हैदराबाद. बाबांनी हा विचार केलाय का, ते विचार त्यांना. घरात मुलगी शिक्षिका नको म्हणणाऱ्या बापाला मुलगी हैदराबादला हवी असते असं नाही.

मी स्वतः फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झाले आणि हायस्कुलात शिकवत आले. तेव्हा माझं पारडं कुठे झुकणार हे उघड आहे. तेवढी सूट धरून पुढचं वाच.

विज्ञानाचं शिक्षण जितकं वर जातं तितकं ते अरुंद होत जातं. दहावीपर्यंत तुझ्याकडे सगळं होतं: ग्रह, बेडूक, आम्ल, भिंग. बारावीला निम्मं गेलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला एकच विषय उरला, एम.एस्सी.ला त्याची एक शाखा आणि नोकरीत त्या शाखेतलं एक यंत्र. यात कोणाचा दोष नाही, औषधाच्या गोळीत काय आहे हे कोणीतरी तितक्याच एकाग्रतेनं बघायलाच हवं. पण काही माणसांना मुळात विज्ञान आवडलेलं असतं ते त्या रुंदीसाठी. त्यांना शाळेत ते सगळं परत मिळतं. माझ्या ओळखीत जे विज्ञानवाले आपणहून शाळेत आले, त्यांच्यातल्या बहुतेकांचं कारण हेच. ‘देशाची पिढी घडवायची’ वगैरे ते निरोपसमारंभात बोलतात.

तुझंच उदाहरण घेऊ. भरतीचा हिशेब म्हणजे आपल्याकडचा तिथीच्या पाऊणपटीचा, असं मी धरते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन. तीनच्या सुमाराला भरती. अष्टमीला सहा. हे होडीवाल्या आजोबांनाही येतं आणि शेंबड्या पोरालाही. आता यात मास्तरकी कुठे सुरू होते बघ. पौर्णिमेला पंधरा गुणिले पाऊण, सव्वाअकरा. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा: एक गुणिले पाऊण, म्हणजे पाऊण वाजता. एरवी भरती रोज पाऊण तास पुढे सरकते. मग या एका दिवसात दीड तास कशी उडाली? समुद्रानं उडी मारली की हिशेबानं?

सातवीतल्या मुलाला हा प्रश्न टाकला की तो दोन दिवस झोपत नाही. कोणी म्हणेल पौर्णिमेच्या उधाणामुळे. कोणी जाऊन धक्क्यावर वेळ लिहून आणेल. एखादी पोरगी कागदावर मांडेल की चंद्र सूर्यापासून १२ अंश पुढे गेला की एक तिथी होते आणि पृथ्वीला १२ अंश फिरायला ४८ मिनिटं लागतात. म्हणजे खरा गुणक पाऊण नाही, चार पंचमांश आहे. ४८ मिनिटं, बरोब्बर दोन घटिका. १५ ला चार पंचमांशानं गुण: १२ येतात. मग प्रतिपदेला १२ वाजून ४८ मिनिटं. उडी गायब. ‘पाऊणपट’ ही तोंडी हिशेबासाठी केलेली सोय आहे, आणि पंधरा तिथ्यांमध्ये जमलेली चूक पक्ष बदलताना एकदम बाहेर पडते. खरी भरती याहूनही थोडी मागेपुढे होते, कारण खाडीचं तोंड, किनाऱ्याचा उतार, उधाण की भांग (म्हणजे कमी चढणारी भरती), हे सगळं त्यात येतं. तो आठवीचा धडा.

हे शिकवायला एम.एस्सी. लागते का? डिग्री लागत नाही. पण आजोबांचा नियम हसण्यावारी न नेता, आणि ‘आपले पूर्वज किती महान’ म्हणून डोक्यावरही न घेता, तो कुठवर चालतो आणि कुठे मोडतो हे बघायची सवय लागते. ती सवय तुला प्रयोगशाळेनं लावली आहे. बाबांच्या ‘कशाला’चं माझं उत्तर एवढंच.

तसंच विजयदुर्गाचं. तिथे किल्ल्यावर ‘साहेबाचे ओटे’ नावाचे चौथरे आहेत आणि १८६८ च्या खग्रास ग्रहणात लॉकियर साहेबानं तिथूनच हेलियम शोधला असं आपण लहानपणापासून ऐकतो. आता तारखा मांडून बघ. १८ ऑगस्ट १८६८ चं ग्रहण फ्रान्सच्या जान्सेननं पाहिलं ते गुंटूरहून. लॉकियर त्या वर्षी इंग्लंडातच होता. ऑक्टोबरात त्यानं ग्रहणाशिवायच सूर्याच्या कडेचा वर्णपट घेतला. त्यातली पिवळी रेघ सोडियमच्या रेघेजवळ होती, पण सोडियमची नव्हती. पुढे १८९५ मध्ये रॅम्झेला हेलियम पृथ्वीवरच्या खनिजात सापडला. आणि लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आला, पण जानेवारी १८९८ मध्ये, दुसऱ्या ग्रहणासाठी. म्हणजे गोष्टीतला किल्ला खरा, साहेब खरा, ग्रहण खरं; तीस वर्षांची सांधेजोड तेवढी लोकांची. देवगडच्या मुलांना मी ही गोष्ट मोडून सांगितली तेव्हा मला वाटलं होतं ती हिरमुसतील. उलट ती विचारायला लागली की मग तीस वर्षांनी साहेब मुद्दाम इतक्या लांब का आला?

आता दुसरी बाजू. एम.एस्सी.चा वर्गात तोटाही होतो, आणि तो बी.एड.च्या पुस्तकात नीट लिहिलेला नसतो. तुला आयन दिसतात, मुलाला नाही. साखर पाण्यात विरघळली म्हणजे संपली, असं सहावीतली मुलं मनापासून मानतात. गोड लागतं ना, म्हटलं तर म्हणतात, चव राहिली, साखर गेली. जड वस्तू बुडते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं आणि समोर जेटीला लोखंडी बोट तरंगत असते, तरी दोन्ही गोष्टी त्यांच्या डोक्यात सुखानं नांदतात. तू ‘घनता’ म्हणालीस की ती व्याख्या पाठ करतात आणि आतलं आत राहू देतात. खरं काम असतं ते आतलं बाहेर काढायचं. आणि कधी मूल असं काही विचारतं की तुझीच परीक्षा होते: ‘बाई, मीठ विरघळणं भौतिक बदल आहे ना? मग सोडियम आणि क्लोराइड वेगळे झाले तो कुठला बदल?’ पुस्तकानं सोयीसाठी मारलेली रेघ पोरानं पुसलेली असते. अशा वेळी जो शिक्षक ‘परीक्षेत भौतिक लिही’ म्हणून पुढे जातो त्याला विषय कळलेला नसतो, आणि जो फळ्यावर हायड्रेशन एनर्जी काढत बसतो त्याला मूल कळलेलं नसतं. दोन्हीच्या मधे उभं राहणं हे प्रयोगशाळेतल्या कुठल्याही कामाइतकं डोकं मागतं. हे मैत्रिणीला मुद्दाम सांग.

मोठ्यांपैकीही काही या वाटेनं गेले. अनिल सद्गोपाल कॅलटेकमधून पीएच.डी. करून आले, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत होते; ते सोडून मध्य प्रदेशात गेले आणि १९७२ मध्ये होशंगाबाद विज्ञान कार्यक्रम १६ शाळांतून सुरू झाला. त्याच संस्थेतून १९७४ मध्ये होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालं, त्याची धुरा वि. गो. कुलकर्णी या भौतिकीतल्या माणसानं घेतली. अरविंद गुप्ता आयआयटीचे इंजिनिअर, टेल्कोची नोकरी सोडून काडेपेटीच्या काड्यांची खेळणी करत बसले. ही नावं बाबांना सांगायला उपयोगी आहेत, पण तू स्वतःला त्यांच्या मापानं मोजू नकोस. त्यांना शिक्षक भरतीच्या सरकारी पवित्र पोर्टलवर नाव नोंदवावं लागलं नव्हतं.

तुझा खरा प्रश्न शेवटी आहे, पळते आहे का. एक दुपार पोरांबरोबर रमणं हा पुरावा फार थोडा आहे. आंब्याच्या दिवसात, सुट्टीत, आपल्याच वाडीतली मुलं, ना हजेरीपट, ना परीक्षा. तिथे कोणीही रमतं. तेव्हा असं कर. घराजवळच्या किंवा चिपळूणच्या एखाद्या हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेट. तुझ्या साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी एक पूर्ण घटक शिकवायची परवानगी माग, आवडता नको, कंटाळवाणा माग. आठवी किंवा नववी. विज्ञानाच्या बाई बहुतेक आनंदानं देतील, त्यांचं पोर्शन मागे असतं. शेवटी छोटी चाचणी घे आणि पेपर घरी आण. मग स्वतःकडे बघ. चुकीची उत्तरं वाचताना तुला राग येतो, की ‘याला असं का वाटलं असेल’ म्हणून तू पेपर पुन्हा उलटून बघतेस? दुसरं असेल तर तू पळत नाहीयेस. पहिलं असेल तर कंपनीतच डिपार्टमेंट बदलून माग, आर अँड डीकडे अर्ज कर. कंटाळा यंत्राचा असेल, व्यवसायाचा नाही.

आणि शाळेतही यंत्र आहेच, त्याचं नाव वेगळं. बीएलओचं म्हणजे मतदारयादीचं काम, यू-डायसची म्हणजे सरकारला द्यायची शाळेची माहिती, पोषण आहाराच्या नोंदी, शिष्यवृत्तीचे ऑनलाइन फॉर्म, आणि नेमकं तेव्हाच नेट गेलेलं. विज्ञानाच्या कपाटाला कुलूप, किल्ली बदली झालेल्या सरांकडे. दहावीला विज्ञानाचे दोन भाग, प्रत्येकी ४० गुण. त्यापलीकडचं काही शिकवलंस तर पालक विचारतील, हे पेपरात येतं का? आपलं कोकण मंडळ निकालात राज्यात पहिलं येत राहतं, त्यामुळे एखादं मूल नापास होणं हा मुख्याध्यापकांना घरचा अपमान वाटतो. तुझी भरती-ओहोटी या सगळ्याच्या फटीतून न्यायची आहे. जमतं, पण रोज जमत नाही.

पैशाचं आता, सरळ. बी.एड. २०१५ पासून दोन वर्षांचं आहे, सीईटी, म्हणजे प्रवेश परीक्षा, द्यावी लागते. २०२० च्या धोरणात पदव्युत्तरांना एक वर्षाच्या बी.एड.ची वाट लिहिली आहे. प्रवेशाच्या वर्षी नियम काय आहे ते बघून घे. बी.एड.ला शिकवायचे विषय (‘पद्धती’) निवडताना विज्ञानाबरोबर गणित घे, छोट्या हायस्कुलांना एकाच माणसात दोन्ही हवं असतं. पहिली ते पाचवीला बी.एड. चालत नाही, ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते स्पष्ट केलं. सहावी ते आठवीसाठी टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, दुसरा पेपर, गणित-विज्ञान गट. अकरावी-बारावीसाठी तुझी एम.एस्सी. उपयोगाची, तेही बाबांना सांग. आणि पवित्र पोर्टलमधून भरतीसाठी टेट, म्हणजे अभियोग्यता चाचणी, २०० गुणांची.

इथे खरी गोम आहे. ही चाचणी दरवर्षी होत नाही. डिसेंबर २०१७ मध्ये झाली, त्यानंतर थेट २०२३ च्या सुरुवातीला, मग २०२५ मध्ये. मधल्या खंडात बी.एड. झालेली मुलं क्लासेसमध्ये नाहीतर इंग्रजी शाळांत तुटपुंज्या पगारावर राहिली. काही ठिकाणी सही एका आकड्यावर आणि हातात दुसराच. नेमणूक झाल्यावर पहिली तीन वर्षं शिक्षण सेवक: २०२३ पासून माध्यमिकला महिना १८,००० मानधन. नंतर वेतनश्रेणी, माध्यमिकच्या प्रशिक्षित पदवीधराला मूळ वेतन ३८,६०० पासून. जुनं पेन्शन नाही, ते नोव्हेंबर २००५ ला बंद झालं. म्हणजे आज नोकरी सोडलीस तर आत्ताचा पगार पुन्हा हातात यायला सगळं सुरळीत जाऊन पाच-सहा वर्षं धर. जवळ दोन वर्षांचा खर्च साठलेला नसेल तर आधी तो साठव.

खासगी संस्थेत जागा मिळाली तर रुजू होण्याआधी तीन गोष्टी विचार: शाळा पूर्ण अनुदानित आहे की टप्प्यावर (म्हणजे अनुदान थोडं थोडं वाढत जाणारी), तुझ्या पदाला शिक्षण खात्याची वैयक्तिक मान्यता मिळणार का, आणि पट किती. आपल्याकडे गावं मुंबईला रिकामी होतात, पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून पदं ठरवताना, पद उडतं आणि शिक्षक अतिरिक्त ठरतो. कोणी ‘संस्थेला देणगी’ म्हणालं तर चहा न पिता उठ. पैसे भरून मिळालेल्या जागेवर माणूस पुढे आयुष्यभर मान खाली घालून राहतो, हे मी जवळून पाहिलं आहे.

एक गोष्ट मात्र तुझ्या बाजूची. बाहेरच्या जिल्ह्यांतून नेमलेले बरेच शिक्षक इथला पाऊस आणि लांबच्या वाड्या बघून बदलीच्या यादीकडे डोळे लावून बसतात, आणि त्यांचं चुकतं असंही नाही, त्यांचीही घरं आहेत. पण मूल पाचवीपासून दहावीपर्यंत एकच विज्ञानाची बाई बघतं, असं इथे फार कमी शाळांत होतं. खाडीकाठची मुलगी खाडीकाठच्या शाळेत टिकली तर ते होऊ शकतं.

आईचं राहिलं. लग्न आधी की बी.एड. आधी, यात मी पडणार नाही. फक्त स्थळ बघताना ‘शिक्षिका हवी’ म्हणणारी घरं भेटतील, कारण त्यांना वाटतं दुपारी घरी येणारी सून मिळेल. त्यांना पहिल्याच भेटीत सांग की वर्ग साडेपाचला सुटतो आणि पेपर रात्री तपासावे लागतात.

राजीनामा आज देऊ नकोस. सीईटी दे, प्रवेश हातात पडू दे, मग दे. नोटीस पिरियड किती आहे ते नेमणूकपत्रात बघून ठेव, आणि निघताना रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचा दाखला दोन्ही लेखी घे. नंतर एचआरला फोन करत बसण्यात फार वेळ जातो.